अ‍ॅक्रनहून कॅन्टनला: फ्रिट्झ पोलार्ड यांच्या वाटेने

शिकागोची रेड लाइन उत्तरेकडे जिथे संपत येते, तिथे मिशिगन सरोवराच्या काठाने रॉजर्स पार्क ही वस्ती पसरलेली आहे. विटांच्या तीन-चार मजली इमारती, मधूनच एखादे जुने लाकडी घर आणि अनेक देशांतून आलेले रहिवासी, असे तिचे आजचे रूप. १८८६ साली जॉन पोलार्ड नावाचे एक न्हावी मिझुरीतून कुटुंबासह इथे आले, तेव्हा हे शिकागोबाहेरचे स्वतंत्र गाव होते आणि शेजारी बहुतेक जर्मन आणि लक्झेंबर्गी वंशाचे गोरे लोक. जॉन पोलार्ड अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढलेले कृष्णवर्णीय सैनिक. पत्नी कॅथरीन शिवणकाम करणाऱ्या. २७ जानेवारी १८९४ रोजी त्यांना मुलगा झाला, त्याचे नाव त्यांनी गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या फ्रेडरिक डग्लस यांच्यावरून ठेवले. शेजारच्या जर्मनांनी मात्र त्याला ‘फ्रिट्झ’ म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव कायम राहिले. जेमतेम पाच फूट नऊ इंच उंचीचा हा मुलगा पुढे अमेरिकन व्यावसायिक फुटबॉलमधला पहिला कृष्णवर्णीय प्रशिक्षक आणि पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक झाला.

पोलार्ड यांच्या कारकिर्दीची गावे क्रमाने पाहत जाण्यामागे माझे एक म्हणणे आहे. अमेरिकन खेळांतल्या कृष्णवर्णीयांचा इतिहास बहुधा जिना चढल्यासारखा सांगितला जातो: आधी सगळी दारे बंद होती, मग कोणी धाडसी माणूस आला, दार किलकिले झाले, पुढच्या पिढीने ते आणखी उघडले. रॉजर्स पार्क, प्रॉव्हिडन्स, अ‍ॅक्रन, हॅमंड आणि शेवटी कॅन्टन या वाटेने गेल्यावर ही मांडणी टिकत नाही. व्यावसायिक फुटबॉलची लीग गरीब होती, विस्कळीत होती, सभ्य समाजात तिला मान नव्हता, तेव्हा तिचे दार उघडे होते. ती स्थिरावली, तिच्याकडे पैसा आणि प्रतिष्ठा आली, तेव्हा ते बंद झाले. म्हणजे तिथली बहिष्काराची भिंत जुन्या काळाने मागे ठेवलेली नव्हती. उघड्या जागेत ती नव्याने बांधली गेली, आणि तीही ज्यांनी पोलार्ड यांना खेळताना पाहिले होते अशा माणसांच्या डोळ्यांदेखत.

ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सला ब्राउन विद्यापीठ कॉलेज हिल या टेकडीवर आहे. रस्ता इतका चढणीचा की खालच्या शहरापासून विद्यापीठ वेगळे का वाटते हे चालतानाच कळते. १९१५ साली पोलार्ड इथे दाखल झाले. त्याच मोसमानंतर, १ जानेवारी १९१६ रोजी, ब्राउनचा संघ कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना इथे नववर्षाच्या सामन्याला गेला. १९०२ नंतर तिथे पुन्हा सुरू झालेला हा सामना पुढे रोझ बोल म्हणून प्रसिद्ध झाला. आजचे भव्य स्टेडियम तेव्हा नव्हते. ज्या टूर्नामेंट पार्कवर सामना झाला ती जागा आता कॅलटेक या संस्थेच्या आवारात आहे. पावसाने चिखल झालेल्या मैदानात ब्राउन वॉशिंग्टन स्टेटकडून १४-० असे हरले. पोलार्ड मात्र त्या स्पर्धेत खेळलेले पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ठरले. हॉटेलने आधी त्यांना खोली नाकारली होती; संघ अडून बसल्यावर ती मिळाली. पुढच्या मोसमात ब्राउनने एका आठवड्याच्या अंतराने येलला २१-६ आणि हार्वर्डला २१-० असे हरवले. एकाच वर्षी या दोघांना हरवणे ब्राउनला त्याआधी कधी जमले नव्हते आणि दोन्ही विजयांत पोलार्ड यांची धाव निर्णायक होती. फुटबॉलचे नामांकित जाणकार वॉल्टर कॅम्प यांनी त्या वर्षीच्या सर्वोत्तम राष्ट्रीय संघात त्यांची निवड केली. त्याआधी हा मान हार्वर्डच्या विल्यम हेन्री लुईस या एकाच कृष्णवर्णीय खेळाडूला मिळाला होता, तोही पुढच्या फळीतला. चेंडू घेऊन धावणाऱ्या बॅकच्या जागेवर पोलार्ड पहिलेच.

एवढे नाव झाल्यावर पुढची पायरी म्हणून ते व्यावसायिक खेळाकडे गेले, असे आज वाटेल. तेव्हाची प्रतवारी नेमकी उलटी होती. विद्यापीठांचे फुटबॉल हा प्रतिष्ठेचा खेळ होता, तर पैसे घेऊन खेळणे ओहायो आणि पेनसिल्व्हेनियातल्या गिरणी-खाणीच्या गावांतला रविवारचा उद्योग समजला जाई. संघ एका मोसमात उभे राहत आणि दुसऱ्यात मोडत, सामन्यांवर पैजा लागत, खेळाडू या आठवड्यात इकडे तर पुढच्या आठवड्यात तिकडे. अ‍ॅक्रन हे अशाच गावांपैकी एक. आज शहरात हिंडताना रबर उद्योगाच्या जुन्या इमारती आणि धुराडी दिसतात, त्यांतल्या कित्येकांचा वापर बदललेला आहे. पण १९१० ते १९२० या दहा वर्षांत मोटारींच्या टायरांनी या शहराची लोकसंख्या ६९ हजारांवरून २ लाख ८ हजारांवर नेली होती. कामासाठी आलेल्यांत दक्षिणेकडच्या राज्यांतले गोरे मजूर मोठ्या संख्येने होते, ते आपले पूर्वग्रह सोबत घेऊन आले होते, आणि लवकरच कू क्लक्स क्लॅनने इथे मजबूत पाय रोवले. १९१९ साली पोलार्ड या शहरात खेळायला आले. इतर खेळाडूंबरोबर कपडे बदलण्याची सोय त्यांना नव्हती. संघाचे एक मालक फ्रँक नीड यांच्या सिगार कारखान्यात ते तयार होत आणि तिथून मैदानावर जात. खाली पडल्यावर प्रतिस्पर्धी मुद्दाम अंगावर झेप घेत, म्हणून पडताक्षणी पाठीवर वळून दोन्ही पाय वर रोखून धरण्याची युक्ती त्यांनी अंगवळणी पाडली होती.

आणि तरीही याच शहराने त्यांना संघाचा कणा बनवले. १७ सप्टेंबर १९२० रोजी कॅन्टनमध्ये राल्फ हे यांच्या हपमोबिल मोटारींच्या दुकानात काही संघमालक जमले. बसायला खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून काहीजण गाड्यांच्या पायऱ्यांवर टेकले होते. त्या बैठकीतून निघालेली संघटना १९२२ पासून नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजे एनएफएल, म्हणून ओळखली जाऊ लागली. पहिले अध्यक्ष म्हणून त्यांनी जिम थॉर्प यांची निवड केली, जे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी होते. पहिल्या मोसमात अ‍ॅक्रन प्रोज संघ एकही सामना हरला नाही: आठ विजय, तीन बरोबरी, आणि अख्ख्या मोसमात त्यांच्याविरुद्ध फक्त ७ गुण झाले. डिसेंबरात शिकागोच्या कब्ज पार्कवर, म्हणजे आजच्या रिगली फील्डवर, जॉर्ज हॅलस यांच्या डेकेटर स्टेलीज संघाशी त्यांची गाठ पडली. हॅलस यांनी त्या एका सामन्यासाठी शेजारच्या कार्डिनल्स संघाचे पॅडी ड्रिस्कॉल उसने आणले होते. लीग तेव्हा किती ढिली होती हे यावरून कळावे. सामना ०-० असा सुटला. अ‍ॅक्रनला अजिंक्यपद मिळाले तेही १९२१च्या एप्रिलमध्ये, अ‍ॅक्रनमधल्याच हॉटेलात झालेल्या बैठकीतल्या मतदानाने. रिगली फील्ड आज बेसबॉलसाठी प्रसिद्ध आहे, पण या सगळ्या प्रवासात पोलार्ड यांच्या व्यावसायिक कारकिर्दीतले शाबूत उरलेले मैदान पाहायचे असेल तर मी तिथेच जायला सांगेन.

१९२१ साली एल्गी टोबिन यांच्याबरोबर पोलार्ड अ‍ॅक्रनचे सहप्रशिक्षक झाले. इथे पहिला आक्षेप येतो: सहप्रशिक्षकपद हे नावापुरते नव्हते कशावरून? याचे उत्तर त्या काळच्या नियमांतच आहे. मैदानाबाहेरून सूचना देण्यास तेव्हा मनाई होती. व्यावसायिक लीगने ती मोकळीक १९४४ मध्ये दिली. सामना सुरू झाला की काय खेळायचे हे मैदानावरचा माणूसच ठरवणार. पोलार्ड यांनी ब्राउनमध्ये शिकलेली आक्रमणाची पद्धत अ‍ॅक्रनमध्ये आणली होती आणि ती मैदानावर चालवणारेही तेच होते. म्हणजे प्रशिक्षक खेळाडू असेल तर त्याचा अधिकार कमी नव्हे, उलट अधिक. आपल्या ओळखीतून त्यांनी पॉल रोबसन यांनाही अ‍ॅक्रनला आणले. पुढे गायक आणि नट म्हणून जगभर गाजलेले रोबसन तेव्हा कोलंबियात कायदा शिकत होते आणि फुटबॉलच्या पैशांनी त्यांना हातभार लागत होता. १९२२ मध्ये दोघे मिलवॉकीत एकत्र खेळले, त्यांच्याबरोबर काही सामने ड्यूक स्लेटर हे आणखी एक कृष्णवर्णीय खेळाडूही.

हॅमंड हे इंडियानातले गाव शिकागोला अगदी चिकटून आहे, इतके की सीमा ओलांडल्याचे पाटी वाचूनच समजते. तिथला हॅमंड प्रोज संघ स्वतःच्या गावात क्वचितच खेळे. पाहुणा म्हणून दुसऱ्यांच्या मैदानावर जाऊन मोबदला घ्यायचा, असा त्याचा खाक्या होता. १९२३ साली या संघाकडून पोलार्ड क्वार्टरबॅकच्या जागेवर खेळले. ब्राउनमधले त्यांचे जुने सोबती जे मेयो विल्यम्सही तिथेच होते, जे पुढे कृष्णवर्णीय गायकांच्या ब्लूज ध्वनिमुद्रिका काढणारे नामांकित निर्माते झाले. आता दुसरा आक्षेप, आणि तो जाणकारांचा आहे. आज क्वार्टरबॅक म्हटले की मागे उभा राहून लांब फेक करणारा संघाचा नायक डोळ्यांपुढे येतो. १९२३ मध्ये चेंडू आजच्यापेक्षा फुगीर होता, फेक करायची तर रेषेच्या किमान पाच यार्ड मागूनच करावी लागे, आणि बहुतेक डावांत चेंडू थेट दुसऱ्याच बॅककडे जाई. पोलार्ड मुळात धावणारे. बहुतेक काळ ते हाफबॅक म्हणून खेळले. मग त्यांना पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक म्हणणे म्हणजे आजचा पोशाख शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाला चढवणे नव्हे काय? हा आक्षेप फेकीपुरता खरा आहे. पण त्या जागेचे एक काम तेव्हाही तेच होते आणि नंतरही तेच राहिले: डाव पुकारणे. पुढची खेळी कोणती, चेंडू कोणाकडे, हे हा खेळाडू सांगे आणि उरलेले दहाजण ऐकत. वर्णभेदाच्या दृष्टीने लाखमोलाची गोष्ट हीच आहे. कृष्णवर्णीय माणूस वेगाने धावतो हे मान्य करायला पूर्वग्रही माणसालाही अडचण नसते. त्याच्या निर्णयावर गोऱ्यांनी हलायचे, हे त्याला पचत नाही.

या मुद्द्याचा पुरावा नंतरच्या काळाने दिला. कृष्णवर्णीय खेळाडू लीगमध्ये परत आल्यावरही क्वार्टरबॅकची जागा त्यांना वर्षानुवर्षे मिळाली नाही. १९६८ साली डेन्व्हरकडून मार्लिन ब्रिस्को यांनी त्या जागेवर उत्तम खेळ केला, तरी पुढच्या वर्षी ते दुसऱ्या संघात चेंडू झेलणारे म्हणून गेले. लीगचा अंतिम सामना, म्हणजे सुपर बोल, जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक, डग विल्यम्स, जानेवारी १९८८ मध्ये झाला. लीगने पुढचा कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक, आर्ट शेल, १९८९ मध्ये नेमला, म्हणजे अ‍ॅक्रननंतर ६८ वर्षांनी. पोलार्ड ११ मे १९८६ रोजी मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंगला ९२ व्या वर्षी वारले. दोन्ही घटना पाहणे त्यांचे थोडक्यात हुकले.

१९२०च्या दशकात पोलार्ड पेनसिल्व्हेनियातल्या अँथ्रासाइट कोळशाच्या पट्ट्यातही खेळले. गिल्बर्टन हे आज हजारापेक्षा कमी वस्तीचे खाणगाव. १९२३-२४ मध्ये त्या गावाच्या संघाने पोलार्ड यांना पैसे मोजून बोलावले होते. १९२५ मध्ये ते प्रॉव्हिडन्सला परतले, या वेळी स्टीम रोलर या व्यावसायिक संघाकडून, ज्याचे घरचे मैदान चक्क सायकल शर्यतींच्या धावपट्टीच्या आत होते. १९२६ ला अ‍ॅक्रनमध्ये त्यांची लीगमधली कारकीर्द संपली. ही भ्रमंती अस्थिरतेची आहे हे उघड आहे, आणि तरी माझ्या मते तीच सर्वांत बोलकी आहे. इतक्या गावांनी, ज्यांना सामाजिक सुधारणेशी काही देणेघेणे नव्हते, पोलार्ड यांना बोलावले कारण शेजारच्या गावाला हरवायचे होते आणि तिकिटे खपवायची होती. गरजेने उघडलेले दार होते ते. त्यात सद्भाव शोधण्याचे कारण नाही. सिगार कारखान्यातल्या त्या खोलीकडे डोळेझाक करून १९२०चे दशक सोनेरी ठरवणे हा पोलार्ड यांच्यावर अन्यायच होईल. माझे म्हणणे एवढेच की अपमान होता, पण करारावर सही होत होती.

सही होणे कधी थांबले? १९२५ अखेर रेड ग्रेंज हा विद्यापीठातला लाडका खेळाडू शिकागो बेअर्सकडे आला आणि न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर त्याला पाहायला सुमारे ७० हजार लोक लोटले. व्यावसायिक फुटबॉलमध्ये मोठा पैसा आहे हे त्या दिवशी सर्वांना कळले. १९२६ मध्ये लीगमध्ये २२ संघ होते, १९२७ मध्ये १२ उरले. गळाले ते बहुतांशी लहान, अशक्त गावांचे संघ, म्हणजे ज्यांनी कृष्णवर्णीयांना घेतले त्यांच्यापैकीच बरेच. हॅमंड आणि अ‍ॅक्रन त्यांत गेले. १९२० ते १९३३ या काळात एकूण १३ कृष्णवर्णीय लीगमध्ये खेळले. स्लेटर १९३१ पर्यंत टिकले. १९३३ मध्ये जो लिलार्ड आणि रे केम्प हे दोघेच होते. १९३४ ते १९४५ या बारा मोसमांत एकही नाही.

या शून्याचे स्पष्टीकरण महामंदी, असे एक उत्तर नेहमी दिले जाते: गोरे बेकार असताना कृष्णवर्णीयाला पगार दिला तर प्रेक्षक बिथरतील, अशी भीती. सुरुवातीच्या दोन-चार वर्षांसाठी ते समजून घेता येईल. पण मंदी ओसरली, मग युद्ध आले, खेळाडू सैन्यात गेले आणि माणसांचा तुटवडा असा पडला की १९४३ मध्ये पिट्सबर्ग आणि फिलाडेल्फिया या कट्टर प्रतिस्पर्ध्यांना मिळून एक संघ उतरवावा लागला. तेव्हाही कृष्णवर्णीय खेळाडू घेतला गेला नाही. दुसरे उत्तर, त्या दर्जाचे खेळाडूच नव्हते. १९३९ मध्ये यूसीएलए विद्यापीठाचा केनी वॉशिंग्टन देशातल्या अव्वल आक्रमक खेळाडूंत होता. त्यानंतर लीगच्या वार्षिक खेळाडू-निवडीत संघांनी २०० नावे उचलली, त्यांत त्याचे नाव नव्हते. तिसरे उत्तर सर्वांत चिवट आहे: बंदीचा कोणताही लेखी ठराव नाही, आणि शिकागो बेअर्सचे मालक हॅलस यांनी अशी बंदी असल्याचे नाकारले. पोलार्ड मात्र उतारवयात हॅलस यांना जबाबदार धरत आले. दोघांपैकी कोणाच्याही मनातले ताडणे आता शक्य नाही, त्याची गरजही नाही. लेखी ठराव तेव्हा लागतो जेव्हा कोणीतरी विरोध करण्याची शक्यता असते. बारा मोसम, आठ-दहा संघ, प्रत्येक संघात दोन डझनांहून अधिक खेळाडू, आणि त्यांत एकही कृष्णवर्णीय नाही, हे केवळ योगायोगाने घडते असे मानायला कुठलाही हिशेब तयार होणार नाही. पोलार्ड लीग सोडल्यानंतर गप्प बसले नव्हते: शिकागोत ब्लॅक हॉक्स हा कृष्णवर्णीय संघ बांधून त्यांनी गोऱ्या संघांशी सामने खेळवले, १९३५ पासून न्यूयॉर्कमध्ये ब्राउन बॉम्बर्सना प्रशिक्षण दिले, आणि त्याच शहरात कृष्णवर्णीयांचे वृत्तपत्रही चालवले. दर्जाचे खेळाडू कुठे आहेत असे विचारणाऱ्यांना हे संघच उत्तर होते.

दार पुन्हा उघडले ते लॉस एंजेलिसला. १९४६ मध्ये रॅम्स संघ क्लीव्हलँडहून तिथे आला आणि त्याला कोलिझियम हवे होते. हे स्टेडियम सार्वजनिक मालकीचे. सर्वांच्या करातून उभ्या राहिलेल्या मैदानावर फक्त गोऱ्यांचा संघ कसा, असा प्रश्न कृष्णवर्णीय पत्रकारांनी स्टेडियमच्या आयोगापुढे लावून धरला, आणि रॅम्सने वॉशिंग्टन आणि वूडी स्ट्रोड यांना करारबद्ध केले. वॉशिंग्टनच्या गुडघ्यांवर तोवर शस्त्रक्रिया झाल्या होत्या. म्हणजे इथेही मालकांचे हृदयपरिवर्तन कारण ठरले नाही. सोळा वर्षांनी राजधानीच्या संघाबाबत हेच घडले: मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल यांनी तोवर एकही कृष्णवर्णीय खेळवला नव्हता, आणि नवे स्टेडियम केंद्र सरकारच्या जमिनीवर असल्यामुळे अंतर्गत विभागाचे (इंटिरियर) मंत्री स्ट्यूअर्ट युडॉल यांनी दडपण आणल्यावरच १९६२ मध्ये त्यांना नमावे लागले.

अ‍ॅक्रनपासून कॅन्टन मोटारीने अर्ध्या-पाऊण तासावर आहे. फुटबॉलच्या आकाराचा घुमट दुरूनच दिसतो. प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम १९६३ मध्ये इथे उघडले. ब्राँझचे अर्धपुतळे ज्या दालनात आहेत तिथे ते सन्मानाच्या वर्षानुसार मांडलेले आहेत, आणि हा क्रम माझ्या दृष्टीने त्या इमारतीतला सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज आहे. १९६३ च्या पहिल्या १७ जणांत थॉर्प आहेत, हॅलस आहेत आणि मार्शलही आहेत, युडॉल यांच्यापुढे नमल्यानंतर एका वर्षात. त्या वर्षी पोलार्ड ६९ वर्षांचे होते आणि बोलावले असते तर येऊ शकले असते. विद्यापीठ फुटबॉलच्या हॉल ऑफ फेमने तर त्यांना १९५४ मध्येच घेतले होते. कॅन्टनमध्ये त्यांचा पुतळा २००५ मध्ये आला, डॅन मरिनो, स्टीव्ह यंग आणि बेनी फ्रीडमन या तीन क्वार्टरबॅकांच्या सोबत, आणि सन्मान स्वीकारायला त्यांचा नातू उभा राहिला. जे लोक म्हणतात की उशिरा का होईना न्याय झाला, त्यांनी १९६३च्या पुतळ्यांपासून २००५च्या पुतळ्यांपर्यंत एकदा चालत जावे. मधल्या ४२ वर्षांत या दालनात आलेल्यांपैकी काहीजणांनी पोलार्ड यांना खेळताना पाहिले होते किंवा त्यांच्याविरुद्ध ते स्वतः खेळले होते, आणि त्यांच्यात पोलार्ड यांचे नाव माहीत नसलेले थोडेच असतील.